डोकं सात वर्षांचं, हात चार वर्षांचे: प्रज्ञावान लहान मुलं आणि मॉन्टेसरी साहित्य

काही वर्षांपूर्वी आमच्या बालमंदिरात चार वर्षांचा एक मुलगा आला. त्याला वाचता येत होतं. दुकानांच्या पाट्या, एसटीवरची गावांची नावं, बिस्किटाच्या पुड्यावरचा बारीक मजकूर, दिसेल ते तो वाचायचा. आई म्हणाली, "ताई, याला थेट मोठ्या गटात बसवा. इथं याचं वर्ष फुकट जाईल." त्याच दिवशी डबा खायच्या वेळी हा मुलगा हमसून हमसून रडला. डब्याचं झाकण त्याला उघडेना आणि शेजारच्या साडेतीन वर्षांच्या मुलीनं मात्र आपलं पटकन उघडलं. नंतर पाटीवर नाव लिहायला बसला. पहिलंच अक्षर वाकडं आलं. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं, आणि पाटी दूर सारून म्हणाला, "मला लिहायला आवडत नाही."

आईचं म्हणणं खोटं नव्हतं आणि मुलाचं रडणंही खोटं नव्हतं. प्रज्ञावान मूल सगळ्याच बाबतीत पुढे असतं, हा आपला समज चुकीचा आहे. डोकं सात वर्षांचं, बोटं चार वर्षांची आणि रुसवेफुगवे कधी कधी तीन वर्षांचे, अशी तीन वयं एकाच अंगात नांदत असतात. १९९१ साली अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि पालकांनी एकत्र बसून प्रज्ञावान मुलांची जी व्याख्या केली, तिचा सगळा भर या असमान वाढीवर होता. बुद्धीची झेप आणि भावनांची तीव्रता एकत्र आली की मुलाचा आतला अनुभवच इतरांहून वेगळा होतो आणि म्हणून ते सहज दुखावलंही जातं, असं त्यांचं म्हणणं. वर्गात रोज बसणाऱ्या माणसाला हे लगेच पटतं.

म्हणून वरच्या वर्गात बसवणं हा उपाय बहुतेक वेळा अर्धाच ठरतो. डोक्याची सोय होते, हातांची आणि मनाची होत नाही. या मुलांना पुढच्या इयत्तेचं पुस्तक देण्याआधी आहे त्याच गोष्टीत अधिक खोल उतरायची वाट द्यायला हवी, असं माझं मत आहे. मॉन्टेसरी साहित्य, म्हणजे मुलांनी हातात घेऊन शिकायच्या पेट्या, ठोकळे, मणी, सुटी अक्षरं, नेमकं याच कामाचं आहे. पण ते तसं वापरलं जातंच असं नाही, म्हणून हा लेख.

आधी 'प्रज्ञावान' या शब्दाबद्दल थोडं. महाराष्ट्रात बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचा विचार नवा नाही. पुण्यात १९६२ साली आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी सुरू केली ती याच विचारातून. पण तिथली मुलं मोठी, शाळकरी वयाची. तीन ते सहा वर्षांच्या मुलावर 'प्रज्ञावान' असा शिक्का मारायची घाई करू नये. या वयातले बुद्ध्यंकाचे आकडे पुढे बरेच हलतात. लवकर वाचणं हेही एकटं लक्षण पुरेसं नाही. त्यापेक्षा मूल कशात रमतं, किती वेळ रमतं आणि काय विचारतं ते पाहावं. 'का'च्या उत्तराला पुन्हा 'पण मग तसं का' येतं का? दोन लांबच्या गोष्टींतलं साम्य ते आपणहून शोधतं का? जोसेफ रेन्झुली या अमेरिकन अभ्यासकांनी १९७८ मध्ये तीन गोष्टींची सांगड मांडली: सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती. यातली तिसरी गोष्ट जन्मतः मिळते असं आपण धरून चालतो. खरं तर ती वाढवावी लागते, आणि हुशार मुलांत ती खुंटण्याचा धोका जास्त असतो, कारण त्यांना बहुतेक गोष्टी पहिल्याच फटक्यात जमून जातात.

पद्धत कुठून आली

मारिया मॉन्टेसरी १८९६ साली रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. कामाच्या सुरुवातीला त्यांचा संबंध आला तो मनोरुग्णालयांत ठेवलेल्या मुलांशी, ज्यांना त्या काळी मतिमंद म्हणून सोडून दिलेलं होतं. ईतार आणि सेगँ या फ्रेंच डॉक्टरांनी अशा मुलांसाठी हातात धरण्याजोगं साहित्य आधीच तयार केलेलं होतं. मॉन्टेसरींनी ते अभ्यासलं, सुधारलं, वाढवलं. त्यांची काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या सरकारी परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केलं. त्यांना मात्र प्रश्न पडला, की ही मुलं इथवर येतात, तर धडधाकट मुलांना शाळेत नक्की काय अडवून ठेवतं?

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचं पहिलं 'बालगृह', म्हणजे लहान मुलांची शाळा, उघडलं. तिथली एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी दट्ट्यांची पेटी घेऊन बसली होती. दट्टे काढायचे, मिसळायचे, आपापल्या खाचेत बसवायचे. झालं की पुन्हा काढायचे. मॉन्टेसरी मोजू लागल्या. इतर मुलांना गाणी म्हणायला लावली. मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवलं. तिनं पेटी मांडीवर घेतली आणि काम चालूच ठेवलं. चाळीसहून अधिक वेळा तिनं ते केलं आणि मग आपणहून थांबली, विश्रांती घेऊन उठावं तशी प्रसन्न.

त्या मुलीला कोणी प्रज्ञावान म्हटलेलं नव्हतं. 'मागे पडलेल्या' मुलांसाठी घडलेलं साहित्य 'पुढे गेलेल्या' मुलांनाही का लागू पडतं, याचं उत्तर या गोष्टीत आहे. नेहमीचा वर्ग मधल्या मुलासाठी आखलेला असतो. ठरलेला धडा, ठरलेला वेळ, मग घंटा. ज्याला जास्त वेळ हवा त्याची घंटा लवकर वाजते आणि ज्याचं आधीच झालंय त्याची उशिरा. मॉन्टेसरी वर्गात अडीच-तीन तासांचा सलग वेळ असतो, मुलं तीन ते सहा वयाची एकत्र असतात आणि साहित्यावर इयत्ता लिहिलेली नसते.

चूक कोण दाखवतं

दट्ट्यांच्या चार पेट्या असतात, प्रत्येकीत दहा दट्टे. एका पेटीत फक्त जाडी बदलते, एकीत फक्त उंची, उरलेल्या दोघींत दोन्ही. चूक झाली तर ती बहुतेकदा शेवटी कळते: एक दट्ट्या उरतो आणि त्याच्या मापाची खाच उरलेली नसते. कोणी "चुकलं" म्हणत नाही. लाल शाई नाही, ताईंच्या कपाळावर आठी नाही. मूल पेटीकडे बघतं आणि स्वतःच मागे जाऊन कुठं बिनसलं ते शोधतं.

मुलांना आपली चूक आपणच कळावी, हा मॉन्टेसरी साहित्याचा पायाच आहे. सगळ्याच मुलांना त्याचा उपयोग होतो, पण प्रज्ञावान मुलांसाठी ते औषधासारखं काम करतं. ज्या मुलाला आजवर सगळं पटकन जमलं आणि दर वेळी शाबासकी मिळाली, त्याला चूक म्हणजे आपण हुशार नाही याचा पुरावा वाटू लागतो. मग ते चुकण्याची शक्यता असलेली प्रत्येक गोष्ट टाळतं. "मला आवडत नाही" याचा अर्थ कित्येकदा "मला पहिल्या फटक्यात जमणार नाही" असा असतो. आमच्या त्या मुलानं पाटी दूर सारली, पण दट्ट्यांची पेटी सोडली नाही, कारण तिथं चुकलेलं फक्त त्याला आणि पेटीला माहीत होतं. पुढे तो डोळ्यांवर पट्टी बांधून, नुसत्या बोटांनी दट्टे बसवू लागला. पेटी तीच, पण आव्हान कितीतरी वाढलेलं.

गुलाबी मनोऱ्याचंही असंच. दहा घन, सगळ्यात लहान १ सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा १० सेंटिमीटरचा. हुशार मूल दोन मिनिटांत मनोरा रचतं आणि पालक काचेतून बघून म्हणतात, हे याला सोपं आहे. रचणं सोपं आहेच. आता एका कोपऱ्यात कडा जुळवून मनोरा रचा आणि सगळ्यात लहान घन त्या पायऱ्यांवरून सरकवत न्या. तो प्रत्येक पायरीवर नेमका बसतो. का? मग विचारा, असे किती लहान घन एकत्र आले की दुसरा घन होईल? मुलं बहुतेकदा दोन म्हणतात. उत्तर आठ. तिसऱ्याला सत्तावीस. शेवटच्याला हजार. हे सांगून टाकलं तर माहिती होते, शोधू दिलं तर आठवडा पुरतो.

सुटी अक्षरं, म्हणजे हाताची वाट न बघता लिहिणं

लिहिण्यात दोन कामं असतात. शब्द मनात मोडून त्यातले आवाज ओळखणं हे एक, आणि पेन्सिल धरून त्या आवाजांचे आकार काढणं हे दुसरं. नेहमीच्या शाळेत दोन्ही एकदम मागतात. ज्याचं डोकं धावतंय आणि बोटं अडखळतायत, त्या मुलाची इथंच कोंडी होते. मॉन्टेसरींनी ही दोन कामं वेगळी केली. एका बाजूला खरखरीत अक्षरं, ज्यांवर बोट फिरवून हाताला वळण कळतं. (आपल्याकडे पाटावर धूळ पसरून धुळाक्षरं गिरवायची रीत होतीच. रांगोळीच्या ताटात बोटानं अक्षर काढणारं मूल तीच रीत पुढे नेतंय.) दुसऱ्या बाजूला सुट्या अक्षरांचं खोकं. अक्षरं उचलायची, सतरंजीवर मांडायची, शब्द तयार. पेन्सिल लागतच नाही.

आमच्या त्या मुलापुढे खोकं ठेवलं तेव्हा त्यानं पहिलं वाक्य मांडलं: 'झाकण घट होत'. जोडाक्षर नाही, अनुस्वार नाही. मी काही दुरुस्त केलं नाही. मनात साठलेली तक्रार त्याला पहिल्यांदाच कागदाविना लिहिता आली होती, तिथं शुद्धलेखन काढायचं नसतं.

देवनागरीत या साहित्याला आणखी एक पदर आहे. काही दिवसांनी त्यानं 'किती' मांडताना पहिली वेलांटी 'क'च्या उजवीकडे ठेवली. मी शेजारी बसून 'किती' बरोबर मांडलं. तो बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, आवाज आधी 'क'चा येतो. मग वेलांटी आधी का उभी?" प्रश्न अगदी रास्त होता. ऱ्हस्व वेलांटीचा उच्चार व्यंजनानंतर होतो, पण ती लिहितो व्यंजनाच्या आधी. आपण इतकी वर्षं लिहितो, आपल्याला हे खटकत नाही. अक्षरांचे सुटे तुकडे हातात असल्यामुळे त्याला ते खटकलं. मी म्हटलं, ही लिपीची रीत आहे, बाकीच्या मात्रा कुठे उभ्या राहतात बघ बरं. त्यानं दोन दिवस लावून वाटण्या केल्या: उजवीकडच्या, डावीकडे एकटीच असलेली, वरच्या, खालच्या, आणि वर-उजवीकडे दोन्हीकडे जागा अडवणाऱ्या. पहिलीचं पुस्तक देऊन मी त्याला यातलं काहीच देऊ शकले नसते.

इथं ताईचं काम किती थोडं होतं, ते बघा. नवा शब्द शिकवायची मॉन्टेसरी रीतही अशीच आटोपशीर आहे, आणि तिला तीन पायऱ्यांचा पाठ म्हणतात. आधी सांगायचं, "हा ट." मग विचारायचं, "ट कुठे आहे?" शेवटी, "हे काय?" तिसऱ्या प्रश्नाला अडलं तर रागवायचं नाही, पहिल्या पायरीवर परत यायचं, तेही आज नाही, उद्या. हुशार मुलांच्या बाबतीत पहिल्या दोन पायऱ्या झटपट होतात. मग जास्त बोलायचा मोह होतो, तो आवरावा लागतो.

एकोणतीस म्हणजे काय

सोनेरी मणी हे मॉन्टेसरी गणिताचं हृदय आहे. सुटा मणी म्हणजे एक. तारेत ओवलेले दहा म्हणजे दशक. दहा दशकं एकत्र बांधली की शतकाचा चौरस, आणि असे दहा चौरस एकावर एक म्हणजे हजाराचा घन. चार वर्षांचं मूल हजार हातात उचलतं आणि त्याचं वजन त्याला लागतं. एकक आणि हजार यांतला फरक शून्यांच्या संख्येतून शिकणं वेगळं आणि एका हातात मणी, दुसऱ्या हातात जड घन धरून शिकणं वेगळं.

मराठी मुलांसाठी इथं एक खास गंमत आहे. आपली संख्यानावं अवघड आहेत. बावीस म्हणताना दोन आधी येतात, लिहिताना वीस आधी. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, ते आठवत असेल. तो वाद बाजूला ठेवून मण्यांकडे येऊ. एका पाच वर्षांच्या मुलीनं मला विचारलं होतं, "सत्तावीस, अठ्ठावीस, मग नववीस का नाही?" मी तिला तीन दशकं आणायला सांगितली. तीस. आता यातला एक मणी उणा करायचाय, कसा करशील? तिनं एक दशक मोडून दहा सुटे मणी आणले आणि एक परत ठेवला. उरले एकोणतीस. 'एक ऊन तीस'. तिनं मण्यांकडे बघितलं आणि ती पळत गेली. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, सगळे मांडून आली. एकोणनव्वदपर्यंत नियम बरोबर चालला. मग नव्व्याण्णवला अडला. एकोणशंभर का नाही, यावर ती माझ्याशी चांगलीच भांडली.

नियम शोधणं आणि तो कुठं मोडतो ते शोधणं, ही या मुलांची भूक आहे. ती भागवायला चौथीची उदाहरणं लागत नाहीत. तीस मणी पुरतात.

आणखी एका पेटीबद्दल सांगायला हवं, कारण एकच साहित्य किती वर्षं पुरतं याचं ते उत्तम उदाहरण आहे. आठ रंगीत लाकडी ठोकळे, जोडले की घन. चार वर्षांच्या मुलासाठी ते रंग जुळवायचं कोडं. आठवी-नववीत हेच मूल 'अ अधिक ब'चा घन सोडवतं तेव्हा त्या सूत्रातलं प्रत्येक पद त्याच्या बोटांनी आधी हाताळलेलं असतं: अ³चा एक ठोकळा, अ²बचे तीन, अब²चे तीन, ब³चा एक. काही मुलं सहाव्या-सातव्या वर्षीच विचारतात, की हे तीन-तीन सारखे का आहेत. तेव्हा सूत्र सांगू नये. कडांची मापं घ्यायला पट्टी द्यावी.

शेंगा सोलणं हेही शिक्षण आहे

मॉन्टेसरी वर्गात पहिल्या दिवसापासून ओतणं, गाळणं, घड्या घालणं, बटणं लावणं, शेंगा सोलणं चालतं. हुशार मुलांचे पालक इथं अस्वस्थ होतात. "इतकं वाचणाऱ्या मुलाला तुम्ही वाटाणे सोलायला बसवता?" मला हे अनेकांनी विचारलंय, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे: हो, आणि बराच वेळ बसवते. मागे पडलेले हात पुढे गेलेल्या डोक्यापर्यंत आणायचे तर ते याच वाटेनं येतात. शिवाय या कामांत बुद्धीचा तोरा चालत नाही. पाणी सांडलं की सांडलं, आपणच पुसायचं. आमच्या मुलाला डब्याचं झाकण उघडायला शिकवलं ते त्याच शेजारच्या मुलीनं. "आधी एका बाजूनं उचल," एवढंच ती म्हणाली. त्यानं तिला त्या आठवड्यात तिच्या नावातली अक्षरं शोधून दिली. वेगवेगळ्या वयांची मुलं एकत्र असण्याचा फायदा असा होतो. मण्यांपाशी तो सहा वर्षांच्या मुलांबरोबर बसे आणि वाळूत त्याच्याहून लहान मुलांबरोबर, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे.

आता चुकांबद्दल. पहिली माझीच. बाहेरून कोणी वर्ग बघायला आलं की मी त्या मुलाला काहीतरी वाचून दाखवायला सांगायची. दोन-तीनदा झालं आणि त्यानं वर्गात वाचणंच थांबवलं. पुस्तकाच्या कोपऱ्याकडे जाईना. मला कळायला वेळ लागला, की त्याची आवडीची गोष्ट मी माझ्या मिरवण्याची केली होती. मी सांगणं सोडलं, त्याची माफी मागितली, आणि महिनाभरानं तो पुन्हा एका कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेला दिसला. घरी पाहुण्यांपुढे "पाढे म्हणून दाखव" म्हणणाऱ्या आईबाबांना मी हे आवर्जून सांगते. "वा, किती हुशार!" यापेक्षा "तू आज ती पेटी चार वेळा केलीस, मी बघत होते" हे वाक्य मुलाला जास्त पुढे नेतं.

दुसरी चूक शिक्षकांची. प्रत्येक साहित्याचा क्रम ठरलेला असतो आणि काही ताई तो पोथीसारखा पाळतात. "ते तुला अजून दाखवलेलं नाही, ठेव." क्रमाला अर्थ आहे, पण तो मूल बघून ठरवायचा असतो. ज्याला दहापर्यंतचे आकडे पक्के येतात त्याला आकड्यांच्या काठ्यांवर (एक ते दहा मोजायला शिकवणाऱ्या वाढत्या लांबीच्या काठ्या) महिनाभर अडकवून काय साधणार? एकदा करून बघू द्यावं, जमलं तर पुढे. हाताच्या कामांत मात्र मी पायरी गाळू देत नाही. उलट बाजूनं, मूल लांब काठ्यांची तलवार करायला लागलं तर त्याला शिस्त लावण्याआधी बघावं, की त्याला हे फार सोपं तर झालेलं नाही ना.

कल्पनेबद्दल माझं मॉन्टेसरींशी पूर्ण जमत नाही. सहा वर्षांआधी मुलाला खऱ्या जगातलं द्यावं, परीकथांची घाई नको, असं त्यांचं म्हणणं. विल्यम किलपॅट्रिक या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९१४ मध्येच या पद्धतीत मोकळ्या खेळाला आणि कल्पनेला जागा कमी आहे अशी टीका केली होती. प्रज्ञावान मुलांत काही जण मनात अख्खी गावं वसवतात, त्यांना राजे, नकाशे, भाषा देतात. अशा मुलाची भातुकली आणि गोष्टी घरी भरभरून चालू द्याव्यात. वर्गातही मी त्याचा नकाशा फाडून टाकत नाही, जमिनीवरच्या नकाशाशेजारी मांडू देते.

मोठे प्रश्न लवकर येतात

मॉन्टेसरींच्या मांडणीत सहा ते बारा हे वय विश्वाच्या मोठ्या चित्राचं. ती मांडणी बरीचशी आपल्याकडे घडली. १९३९ साली थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मद्रासच्या अड्यारला आल्या, युद्धामुळे इथंच राहिल्या, आणि कोडाईकॅनलच्या मुक्कामात मुलगा मारिओ यांच्यासह मोठ्या मुलांसाठीच्या या शिक्षणाला आकार दिला. पण प्रज्ञावान मूल सहाची वाट बघत नाही. सगळ्यात मोठा आकडा कोणता, आजोबा गेले म्हणजे कुठे, माणसांच्या आधी कोण होतं, हे चौथ्या-पाचव्या वर्षीच सुरू होतं आणि रात्री झोपताना सुरू होतं. "मोठा झालास की कळेल" हे उत्तर त्याला एकटं पाडतं.

मॉन्टेसरी वर्गात काळाचा पसारा दाखवायला काळ्या कापडाची लांब पट्टी उलगडतात. आम्ही जुन्या काळ्या लुगड्याची ९ मीटरची पट्टी केली. पृथ्वीचं वय सुमारे ४५० कोटी वर्षं धरलं तर एक मीटर म्हणजे ५० कोटी वर्षं. मुलं व्हरांड्यात तिच्याकडेनं चालत गेली. डायनासोर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले, ती जागा टोकापासून जेमतेम १३ सेंटिमीटरवर आली. माणूस? आपल्यासारखी माणसं सुमारे ३ लाख वर्षांपासूनची, म्हणजे एका मिलिमीटरहून कमी. टोकाला लाल दोऱ्याची एक शिवण घातली, तीही जाडच झाली. डायनासोरवेडा एक मुलगा तिथं बोट ठेवून किती तरी वेळ उभा होता.

शाळा शोधताना आणि घरी

'मॉन्टेसरी' या नावावर कोणाची मालकी नाही. आपल्याकडे तर तो शब्द शिशुवर्ग या अर्थानंच रूढ झालाय. त्यामुळे पाटी वाचून ठरवू नका, सकाळी तासभर वर्गात बसून बघा. साहित्य मुलांच्या हाताशी, बुटक्या कपाटात आहे की शोभेला वर ठेवलंय? मुलं स्वतः निवडून घेतात का? तीन वर्षांची आणि साडेपाच वर्षांची मुलं एकत्र दिसतात का? ताई बसून, हळू आवाजात, एकेका मुलाशी बोलतात का? मग एक प्रश्न विचारा: "एखाद्या मुलाला हे आधीच येत असेल तर तुम्ही काय करता?" 'त्याला पुढच्या वर्गाचं देतो' आणि 'आम्ही त्याला शांत बसवतो' या दोन्ही उत्तरांवर मी शाळा घेणार नाही. २००६ साली अमेरिकेत मिलवॉकी इथल्या एका मॉन्टेसरी शाळेत सोडतीनं प्रवेश मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांची तुलना झाली, तेव्हा मॉन्टेसरीतली पाच वर्षांची मुलं वाचन, गणित आणि स्वतःवर ताबा ठेवण्यात सरस दिसली. पण ती शाळा मन लावून चालवलेली होती, आणि फरक पडतो तो त्यानंच.

घरासाठी महागडा संच मागवू नका. ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धत शिकल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला, पुढे १९५७ पासून कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीनं त्यांनी ती आदिवासी पाड्यांवर नेली. तिथं परदेशी लाकडी पेट्या कुठून येणार? बिया, शिंपले, पानं, खडे हेच साहित्य झालं. तत्त्व कळलं की वस्तू घरात सापडतात. एकात एक बसणारे डबे म्हणजे दट्टे. एका ताटात मिसळलेल्या चार डाळी म्हणजे वेगळं करण्याचं काम. तराजू आणि चिंचोके म्हणजे कित्येक दिवसांचं गणित. फक्त एका वेळी एक गोष्ट पुढे ठेवा, तुम्ही एकदा न बोलता सावकाश करून दाखवा, आणि मग तिथून उठा. उठणं सगळ्यात अवघड असतं. वहीत लिहून ठेवा: आज काय घेतलं, किती वेळ, कुठं अडलं, काय विचारलं. दोन आठवड्यांची ती वही वाचली की पुढे काय द्यायचं ते बहुतेक कळतं.

त्या मुलीबद्दल सांगायचं राहिलंय, नव्व्याण्णववरून भांडणाऱ्या. सहावं संपत आलं तेव्हा तिला पाढ्यांचा नाद लागला. आम्ही एक ते दहा रंगीत मण्यांच्या कांड्या काढल्या: एक लाल, दोन हिरवा, तीन गुलाबी, चार पिवळा, अशा. तिनं सतरंजीवर एकपासून दहापर्यंतचे सगळे पाढे मांडले. आडव्या रांगेत दोनचा पाढा, त्याखाली तीनचा. मांडून झाल्यावर मोठा चौरस झाला, बाजू ५५ मण्यांची, सगळे मिळून ३०२५ मणी. मग तिला दिसलं, की तीन चोक आणि चार त्रिक समोरासमोर आहेत आणि त्यांची जागा सारखीच आहे. ती एकेक करून मणी बदलत गेली. दोनच्या कांड्यांचे दोन चौरस झाले, तीनचे तीन, चारचे चार, दहाचे दहा. एकावर एक ठेवले तेव्हा प्रत्येकाचा घन झाला. घन घनांवर चढले, सगळ्यात मोठा खाली, सगळ्यात लहान वर. ती दोन पावलं मागे सरली आणि कपाटावरच्या गुलाबी मनोऱ्याकडे वळून बघत राहिली. तो तिनं तीन वर्षांची असताना रचला होता.

तीन दिवस लागले या कामाला. आवरायला अख्खी सकाळ. दुसऱ्या दिवशी ती आली ती थेट मण्यांच्या कपाटाकडे, आणि म्हणाली, अकराच्या कांड्या कुठे आहेत? नसतात, पेटी दहालाच संपते. ती थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं एक सोनेरी दशक घेतलं, त्याच्या टोकाला एक लाल मणी लावला, आणि मला म्हणाली, "ताई, मला अजून पुष्कळ लाल मणी लागतील."